पाठीवरचा डाग

बंडाबर्ग, ३ मार्च

प्रिय डिम्फना,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. होबार्टच्या गारठ्यात तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. मी ठीक आहे (आईने पत्राची सुरुवात अशीच करायला शिकवलं, म्हणून लिहिते).

गेल्या महिन्यात कातडी तपासायला गेले. इथल्या कडक उन्हातले लोक एक वेळ चर्च चुकवतील, पण ही तपासणी नाही. मी मात्र केव्हिन गेल्यापासून चार वर्षं फिरकले नव्हते. माझ्या पाठीवर नजर नवराच ठेवायचा. डॉक्टरीण नातीच्या वयाची. जमीन विकत घ्यायची असल्यासारखी तिने भिंगातून माझी पाठ न्याहाळली आणि विचारलं, "लहानपणी फार उन्हात असायचीस का, राणी?" म्हटलं, "राणी नाही, मिसेस कीओ. आणि हो, फार." दर रविवारी प्रार्थना संपली की आपण दोघी खोबरेल चोपडून वाळूत पालथ्या पडायचो. भाजून निघालो नाही तर उन्हाळा फुकट गेला म्हणायचो आणि मग एकमेकींच्या पाठीची सालं सोलायचो (तुला लांब पट्टी निघाली की तू ती शेजाऱ्यांनाही दाखवायचीस). सिस्टर अलॉयशियस टोपी आणि हातमोज्यांवाचून शाळेच्या फाटकाबाहेर सोडत नसे, म्हणून आपण तिला जेलर म्हणायचो. परवा तिला वृद्धाश्रमात भेटले. ब्याण्णव वर्षांची, नन म्हणून जन्मभर काळ्या कापडात झाकलेली, गाल तान्ह्या बाळाचे. माझ्याकडे बघून म्हणते, "तू कुणाची आजी गं?" साठ वर्षांनी बाई जिंकली.

माझी कातडी आता पातळ कागद झाली आहे. डॉक्टरणीने पाठीवरच्या एका डागाचा तुकडा काढला, त्यावरची चिकटपट्टी नर्सने काढली, तर पट्टीबरोबर कातडीही गेली. (रडू तिला आलं. मलाच तिला पाणी द्यावं लागलं.) तुकडा तपासला. कर्करोग आहे, आणि खोल गेला आहे. बारा तारखेला, गुरुवारी, पाठीतून बशीएवढं कापून काढणार आहेत. तूही तुझी पाठ कुणाला तरी दाखव. त्या वाळूत तू माझ्या शेजारीच होतीस. मला भीती वगैरे वाटत नाही. कळावं, एवढ्यासाठीच पत्र.

तुझी,
मॉरीन

ता.क. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'घरी नेणारी व्यक्ती' असा रकाना होता. तिथे तुझं नाव लिहिलं आहे. आधी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर लिहायला दुसरं नाव नव्हतं.

ता.क. भीतीबद्दल वर लिहिलं ते खोटं आहे. बुधवारीच ये.