सफरचंद कपाळाला लावताना

थॉर्नबेक, लँकशायर
२८ डिसेंबर १९३४

चि. सेलिनास आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद वि.

इस्पितळातल्या नोकरीतून सुटी मिळाली नाही म्हणून तू रडलीस, पण पोरी, इथं नव्हतीस ते बरंच झालं. भोवळ येऊन पडली असतीस. घाईत लिहितेय, म्हणून अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलंय. एरवीही तसंच असतं म्हण!

तुझा ऑस्टिन नाताळच्या दिवशी एकटाच आला, तुला रीतसर मागणी घालायला. आजोबांनी त्याला दाराशीच उभा ठेवला. म्हणाले, आम्ही चॅपेलची, प्रॉटेस्टंट माणसं, कॅथलिक पोराला इथं खुर्ची नाही. आईबापाविना नात मी वाढवली खरी, पण तिला घेऊन त्या चर्चची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, अहो, निदान बदकाची एक तंगडी तरी द्या त्याला. बदक यंदा शेजारच्या ॲग्नेसकडचं. कसलं म्हातारं निघालं, माझी उरलीसुरली दाढ हलली! असो.

मग आपलं नाताळचं गाणं झालं. तीन मेणबत्त्यांची ज्योत एक, पाच गुलाब लालेलाल, निळ्या पंखाखाली पिल्लू. शेवटच्या कडव्याला आम्ही सगळ्यांनी सफरचंद कपाळाला लावलं, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. परसातलं झाड फळावं म्हणून आजोबांच्या घराण्यात चालतच आलंय ते. आणि दाराशी तुझा ऑस्टिन रिकाम्या हातानं तस्संच करतोय! पांढराफटक पडून म्हणाला, आजोबा, हा तर हातानं काढायचा क्रूस. आम्ही कॅथलिक रोज प्रार्थनेला असाच करतो.

माझ्या हातून ताटली सुटली. आजोबा गरजले, चालता हो. पोर गेलं बिचारं. मला मात्र, देवा क्षमा कर, हसू आवरेना. आजोबा चॅपेलात तावातावानं कॅथलिकांना नावं ठेवतात, आणि घरी दर नाताळला क्रूस करतात!

मायेत अंतर नको.
तुझी आजी

मँचेस्टर
३१ डिसेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ऑस्टिननं त्याच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, तीन मेणबत्त्या म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असतील, गुलाब येशूच्या पाच जखमा, निळा पंख मरियामातेच्या निळ्या वस्त्राचा. पण गाण्यातून काय वाटेल ते काढता येतं, त्यावर पैज लावू नका. सफरचंदाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. आपल्या भागात पूर्वी कॅथलिकांना बंदीमुळे लपूनछपून प्रार्थना करावी लागे, कुणी हा क्रूस खेळात दडवला असेल, असं म्हणाले. म्हणजे आपले पूर्वज कॅथलिक?

लग्न जानेवारीअखेर ठरलंय. हात धरून वेदीपर्यंत न्यायला आजोबा आले नाहीत तर मी एकटी चालत जाईन, पण जाईन. तेवढं त्यांना सांग. दाढेला लवंग लाव.

तुझीच,
सेलिना

थॉर्नबेक
२ जानेवारी १९३५

चि. सेलिनास अनेक आशीर्वाद वि.

तुझं पत्र आजोबांना वाचून दाखवलं. अडखळत वाचते म्हणून एरवी चिडतात, या वेळी तेच पान पुन्हा वाचायला लावलं. मग काल नव्या वर्षाच्या जेवणाला तुझा काका, काकू, सगळे जमल्यावर म्हणाले, गाणं होईल, पण सफरचंद टेबलावरच राहील. हात खाली! मी म्हटलं, झाड रुसेल. म्हणाले, रुसू दे.

गायला लागलो. सगळ्यांचे हात मांडीवर. शेवटचं कडवं आलं आणि काय सांगू, सगळ्यांत आधी त्यांचाच हात उठला! कपाळाला, छातीला, खांद्यांना. डोळे मिटलेले, त्यांना पत्ताच नाही. आम्ही गायचे थांबलो तेव्हा डोळे उघडून स्वतःच्या हाताकडे असे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा. तुझी काकू रडायलाच लागली. ती पुडिंग करपलं तरी रडते म्हणा.

मग आजोबा म्हणाले, माझ्या आजीनं माझा हात धरून शिकवलं होतं हे. तिला ठाऊक असेल का गं?

आज सकाळी बूट पुसायला घेतले, ते चांगले काळे. आपणच म्हणाले, लिही त्या पोरीला, येतो मी, तिला एकटीनं चालायला लावणार नाही. पण त्यांच्या चर्चात मी गुडघा टेकणार नाही की त्यांचं गाणं म्हणणार नाही, हेही लिही. हाताचं मात्र सांगता येत नाही, असंही म्हणाले.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी आजी