गाळलेल्या जागा

३ नोव्हेंबर
या वयात नोकरी! लेक म्हणाली, बाबा, डबा न्या, नुसत्या कवितेनं पोट भरायचं नाही. सकाळी डबा घेऊन उंबऱ्यात उभीच होती. काम अगदी मनासारखं: कुणाच्या फारशा लक्षात न राहिलेल्या एका कवी-अनुवादकाचे कागद वाचून पेट्यांत लावायचे. उंच खिडकी, लांब लाकडी टेबल, जुन्या शाईचा वास; आमचा वर्गच आठवला. अधीक्षक बाईंनी एवढंच बजावलं, आजोबा, हवं तेवढं वाचा, पण कागदावर एक अक्षर लिहायचं नाही.

५ नोव्हेंबर
या माणसाची एक खोड फार आवडली. अनुवादात शब्द अडला की तेवढी जागा कोरी सोडून पुढं जायचा. ‘भिंतीपाशी वाट पाहे / बाबांची ती —’ डोळ्यांपुढं माझ्या वडिलांची सायकल उभी राहिली. मास्तरांनी गाळलेल्या जागा भरायला दिल्या की पहिला हात माझा वर. राहवेना. पेन्सिलीनं ‘सायकल’ लिहिलं. दुसऱ्या कवितेत ‘झोपाळा’. आमची ही होती तोवर त्यावरच बसून भाजी निवडायची. बाईंना कळलं तर कान उपटतील!

६ नोव्हेंबर
पेन्सिलीची शाई झाली आहे. अक्षरही त्याचं. चष्मा बदलायला हवा.
घरी आलो तर छताला नुसत्या कड्या. झोपाळा कुठं नेलास, विचारलं. लेक हसली, आपल्याकडे कधी होता, बाबा? भिंतीवरच्या जुन्या फोटोत सायकल नाही; वडील दोन्ही हातांनी हवेत काहीतरी धरून उभे आहेत.

९ नोव्हेंबर
छताच्या कड्या कशाच्या, मलाच आठवेना; मागचं पान वाचून कळलं. रबरानं खोडलं, ब्लेडनं खरवडलं. शाई निघत नाही. बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या आधीचे गृहस्थही लिहायचे. एकटेच राहत. मग अडखळल्या. आले तेव्हा बहुतेक एकटे नव्हते.

१० नोव्हेंबर
शेवटच्या पेटीत एकच कागद. ‘उंबऱ्यात उभी सकाळी / डबा घेऊन —’
पुढं कोरं.
पेटी बंद केली. नोकरी सोडली.

१२ नोव्हेंबर
ओळ पाठ झाली. शाळेपासूनची खोड, एकदा वाचलं की पाठ. जेवताना, दाढी करताना, जीभ त्या कोऱ्या जागेपाशी येऊन थांबते. दात आवळून धरतो. लेक विचारते, काय पुटपुटता? तिचा हात सोडत नाही. चिडली, अहो बाबा, पोळ्या करायच्यात —

१३ नोव्हेंबर
कागद फाडूनच येतो. ऐकेना, डबा दिलाच.

दुपार
फाडायला हातात घेतला. हात वर गेला — वर्गातल्यासारखा — पेन्सिल माझ्याच —

१४ नोव्हेंबर
घरी कुणी नाही. मी एकटाच तर राहतो.
मग मागच्या पानांवर, माझ्याच अक्षरात, ‘लेक’ — कुणाची?
पिशवीत कालचा डबा. उघडला. पोळ्यांचे बारीक तुकडे केलेले, माझ्या दातांसाठी. कोपऱ्यात गोळीची पुडी. कुणीतरी — मला इतकं ओळखणारं —
उंबऱ्यात उभा आहे. हाक मारतो. अजून फार लांब गेली नसेल. पण काय म्हणून — ये गं, ये, माझ्या —