एरलचं 'गप्पा बसा'

सोमवार, ३ मार्च

एरल गेला. सकाळी सातच्या बातम्यांत सांगितलं. मी बाबांचा चहा गाळत होते, अर्धा ओट्यावर सांडला.

'बर्मिंगहॅमचा लाडका आवाज, द आउटर सर्कल या स्का बँडचा गायक एरल टॉमलिन, वय सहासष्ट.' मग लगेच ते गाणं, 'टॉप डेक'. सगळी वाद्यं थांबतात आणि एरल ओरडतो ना — 'गप्पा बसा!' — बरोब्बर तिथे कापलं आणि हवामान सुरू. काय माणसं आहेत!

रडले नाही. ओटा पुसला.

मंगळवार, ४ मार्च

रडले. सुपरमार्केटमध्ये कांदे निवडत होते, वर स्पीकरवर तेच गाणं. तिथली मुलगी म्हणाली, 'यू ऑलराइट, बॅब?' बॅब म्हणजे इथलं 'बाळा'. मी म्हटलं, कांद्यामुळे. अख्ख्या, न चिरलेल्या कांद्यामुळे!

शुक्रवार, ७ मार्च

सगळा देश एरलचा जिवलग मित्र निघाला! ज्या पेपरने ऐंशी साली या पोरांना गुंडांची टोळी म्हटलं होतं, तो आज चार पानं भरून गळा काढतोय. एक साहेब टीव्हीवर म्हणाले, आमच्या लग्नात आम्ही यांच्याच गाण्यावर नाचलो. हेच साहेब एरवी 'बाहेरच्यांना परत पाठवा' म्हणून घसा कोरडा करतात. एरलचे वडील जमैकाहून आले आणि अकरा नंबरच्या 'आउटर सर्कल' बसवर कंडक्टर झाले, बँडचं नाव तिथलंच. त्यांना कुठे पाठवणार होतात, साहेब? आणि मग नाचला कशावर असतात?

आपले लोक तरी कुठे कमी आहेत! महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर श्रीनिवासने 'ओम शांती, लेजंड' म्हणून फोटो टाकला. फोटो एरलचा नाहीच. दुसऱ्याच कुठल्यातरी काळ्या माणसाचा. तो बहुतेक जिवंत आहे. खाली त्रेचाळीस जणांनी हात जोडलेत.

आणि संध्याकाळी रेडिओवर एक प्रोफेसर. 'गप्पा बसा'वर बारा मिनिटं! म्हणे 'गेट अप ऑन द बस, सर' याचं हे जुनं जमैकन रूप. म्हणे ही मुक्तीकडे जाणारी बस आहे. अरे गाढवा, मराठी आहे ते! पंचेचाळीस वर्षं अख्खं इंग्लंड बिअर पिऊन मराठीत 'गप बसा' ओरडतंय आणि एकालाही पत्ता नाही.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. ब्याण्णव वर्षांचे, पण कान अजून तिखट. बिस्किट बुडवत राहिले.

रविवार, ९ मार्च

एकदा लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

१९८०. मी सतरा वर्षांची. हॉल ग्रीनचं हेच घर. बाबा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. व्हिजिटला जायला सोपं म्हणून गाडी कायम रस्त्यावर ठेवायचे, त्यामुळे गॅरेज रिकामं. एरल आणि त्याचा ड्रमर कीथ यांना प्रॅक्टिसला जागा नव्हती. मला पेटी येत होती. ऑर्गन वाजवणारी हवी म्हणून मला घेतलं असं ते म्हणायचे. घेतलं गॅरेजला, सोबत मी फुकट!

पण एरलने मला शिकवलं. स्का म्हणजे जमैकाचं नाचरं संगीत, त्याचा ठेका उलटा. पाय जिथे पडावासा वाटतो तिथे नाही वाजवायचं, मधल्या रिकाम्या जागेत वाजवायचं. आईने भजनासाठी हात बसवला होता. एरल म्हणाला, हात तोच ठेव, फक्त उशिरा ये. आयुष्यात मला उशिरा यायला सांगणारा हा एकच माणूस. आई सगळ्यांना पोहे द्यायची, एरल तीनदा घ्यायचा. काळी, गोरी, आणि एक वेणीवाली — त्या दिवसांत असे सात जण नुसते रस्त्याने चालले तरी लोक थुंकायचे. गॅरेजमध्ये मात्र मजा होती रे. खूप मजा होती.

मग मे महिन्यात पहिली टूर ठरली. आणि बाबा दवाखान्यातून आले, गॅरेजचं दार उघडलं आणि सगळ्यांसमोर माझ्या अंगावर ओरडले — गप बस! झालं. माझा बँड संपला. ए-लेव्हल्स, फार्मसी, लग्न, ईरा, घटस्फोट, पेन्शन. पोरांना ती आरोळी आवडली, एरलने गाण्यात घातली. ऑर्गनचा तुकडाही माझाच, वाजवला दुसऱ्याने. रेकॉर्डवर माझं नाव नाही.

एरल मात्र दर वर्षी दिवाळीचं कार्ड पाठवायचा. कधी सप्टेंबरात, कधी जानेवारीत. दिवाळीत एकदाही नाही.

बुधवार, १२ मार्च

कीथचा फोन. 'उल्का! तू एरलची पेनफ्रेंड ना?'

पेनफ्रेंड! याने आमच्या फ्रीजरमधून फिश फिंगर्स चोरून खाल्लीयत.

हा आता बँडचा 'लेगसी डायरेक्टर' आहे. लेगसी म्हणजे काय, तर कॉफीचे मग, टॉवेल, आणि बाळाची लाळेरी — सगळ्यावर 'गप्पा बसा'. लाळेरी ठीक आहे, तिथे शोभतं. शनिवारी एकोणतीसला मोठी शोकसभा, आणि जुन्या यूथ क्लबच्या भिंतीवर म्युरल. क्लब केव्हाच बंद पडला, आत महागडे फ्लॅट झाले, पण भिंतीवर तरुणांचा बँड हवा! सगळ्यांची नावं लिहिणार आहेत. मी विचारलं, ऑर्गन? कागद चाळल्याचा आवाज. 'पहिला ऑर्गन... अज्ञात.'

म्हटलं, ती अज्ञात मीच. तुमचं 'गप्पा बसा'सुद्धा माझ्याच घरातलं.

तो म्हणाला, 'माय गॉड. मग ये ना. दोन मिनिटं बोल.'

दोन मिनिटं! पंचेचाळीस वर्षं आणि दोन मिनिटं.

रविवार, १६ मार्च

शहरात म्हणे एक अख्खी बस रंगवलीय. बाबा म्हणाले, बघायला जाऊ. व्हीलचेअर ढकलत स्टॉपपर्यंत नेली. पस्तीस मिनिटांनी आली — एका अंगावर एरल, दुसऱ्या अंगावर पुरुषभर अक्षरांत 'गप्पा बसा'. बाबांनी चष्मा पुसून वाचलं. 'बसवर लिहायला योग्य आहे,' म्हणाले.

मी धीर केला. 'बाबा, आठवतं ना गॅरेजमधलं?'

'आठवतं.'

'मग? काही वाटत नाही तुम्हाला?'

'वाटतं ग. गार वारा सुटलाय, घरी चल.'

एवढंच! ब्याण्णव वर्षं झाली, अजून एक वाक्य सुटत नाही तोंडातून. मला दुसरं काय हवंय? ते आहेत तोवर एकदा म्हणावं, 'उल्के, चुकलं माझं.' म्युरल गेलं उडत. त्यांना मी खाऊ घालते, अंघोळ घालते, गोळ्या देते, रात्रंदिवस करते आणि रोज मनात वाट बघते की आज म्हणतील. नाही ना म्हणत? मग तीनशे माणसांसमोर सांगते. पहिल्या रांगेत बसवून सांगते.

सोमवार, १७ मार्च

भाषण लिहिलं. फाडलं. लिहिलं.

शनिवार, २९ मार्च

पार पडलं. जिंकले!

दुपारी दोनची वेळ. हॉल खच्चून भरलेला. साठीची माणसं, काळे-पांढरे चौकडीचे शर्ट, बटणं पोटावर ताणलेली. टोप्या सगळ्यांच्या डोक्यावर, केस कुणाच्याच नाहीत. ते प्रोफेसर आले, मुक्तीची बस परत एकदा सुटली. ते लग्नात नाचलेले साहेब आले, फोटो काढून गेले. एरलची बहीण मात्र एकच वाक्य बोलली — 'तो घरी अजिबात गायचा नाही, त्यामुळे घर आता आधीइतकंच शांत आहे, आणि ते सहन होत नाही.'

मग मी. म्हटलं, मंडळी, तुम्ही जे पंचेचाळीस वर्षं ओरडताय त्याचा अर्थ सांगू? शट अप! हशाचा नुसता स्फोट. प्रोफेसरांचा चेहरा बघण्यासारखा! सगळं सांगितलं — गॅरेज, पेटी, टूर, दार उघडून आलेले डॉक्टर. म्हटलं, माझ्या वडिलांनी मला दोन शब्दांत गप्प केलं आणि एरलने ते दोन शब्द तुमच्या तोंडी दिले. शेवटचा 'आ' एरलचा, तालासाठी जोडलेला. आणि तो हुकूमशहा कोण, तर हे काय, पहिल्या रांगेत, मांडीवर चौकडीचं पांघरूण घेऊन बसलेत!

सगळा हॉल वळला. तीनशे माणसं बाबांकडे बोट करून ओरडली, 'गप्पा बसा!' एकदा नाही, तीन-चारदा. बाबा हसले. हात वर केला, एखाद्या पुढाऱ्यासारखा. टाळ्या, शिट्ट्या. कीथ माइकवर म्हणाला, म्युरलवर आता 'उल्का, ऑर्गन' असं लिहिणार.

परत येताना गाडीत बाबा म्हणाले, 'छान बोललीस. लोक हसले.'

'आणि?'

'आणि काय. इंग्रजी चांगलं आहे तुझं.'

नाहीच म्हणाले. नाहीच! बरं, राहू दे. आता सगळ्या बर्मिंगहॅमला माहीत आहे.

रविवार, ३० मार्च

व्हिडिओ पसरलाय. लाखभर लोकांनी पाहिला. खाली कॉमेंट्स — 'बिचारी', 'असे बाप', 'टिपिकल एशियन डॅड'. हे शेवटचं वाचून जरा कसंसंच झालं. असू दे.

इकडचा मदर्स डे, म्हणून ईरा मेडनहेडहून आली. ट्युलिप घेऊन. 'आई, माझा ऑफिसमधली सगळी लोक तुझी व्हिडिओ बघितला!' हिच्या मराठीत पुल्लिंग-स्त्रीलिंग यांचा कायमचा घटस्फोट. आजोबांच्या गळ्यात पडली, म्हणाली, आजोबा, यू आर सो फनी. आजोबांनी तिला ट्युलिपची किंमत विचारली.

मग भांडी घासताना म्हणते, 'आई, पण मराठी संडे स्कूलमध्ये बाई शिकवलेली ना — लहानांना "बस", मोठ्यांना "बसा". मग आजोबा तुला "बसा" कशाला बोलेल?'

म्हटलं ना, तो 'आ' एरलचा!

'पण एरलला कुठे माहीत, मराठीत आ लावतात? तो आपोआप बरोबर कसा लावला?'

तिला म्हटलं, आधी 'तुझी व्हिडिओ' म्हणायचं थांबव, मग मला व्याकरण शिकव. जरा जोरातच बोलले बहुतेक. जाताना ती नेहमीसारखी बिलगली नाही.

मंगळवार, १ एप्रिल

झोप नाही. गुडघा दुखतोय. उगाचच.

बुधवार, २ एप्रिल

कीथला माझं भाषण ऐकून चेव चढला, त्याने माळा उपसला. एक कॅसेट निघाली, आमच्या गॅरेजमधली, मे ऐंशीची. तिची फाइल पाठवली. 'तुम्ही दोघं काय बोललात ते आम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं, पण "गप्पा बसा" यातच आहे! ऐक!'

ऐकली. सात वेळा.

आधी मी, इंग्रजीत. 'सॉरी, एरल. टूरला नाही येता येणार. डॅड नाही म्हणतायत.' मग दाराचा आवाज. मग बाबा, मराठीत, केवढे खुशीत! 'उल्के, तुझी आई म्हणाली टूरचं. जा की ग! परीक्षा झाली की मी स्वतः गाडीने सोडतो, सांग यांना—'

आणि एक किंचाळी. माझी. 'बाबा, गप बसा!'

पोरं हसतायत. एरल ते शब्द जिभेवर घोळवून बघतोय. आणि मागे, अगदी हळू, बाबा म्हणतात, 'बरं.'

घाबरले होते मी. टूरला, स्टेजला, बाटल्या फेकणाऱ्यांना. बाबांना नाही. बाबांचं नुसतं नाव वापरलं, आणि पुढे वापरतच राहिले. हे विसरले होते का? निम्मं.

ते खाली खुर्चीत बसलेत, चहाची वाट बघत. माफी मागायची आहे, आणि ती त्यांनी नाही, मी.