करडी घोडी आणि माझा अधिकार

३ सप्टेंबर, सोमवार
आजपासून युद्ध. संचालिका गुलझात असानोव्ना मीटिंगमध्ये म्हणाल्या, जेकशेन, आपल्या चित्रांच्या कॉपीराइटचं यापुढे तुम्ही बघा. दुसऱ्या कोणीच हात वर केला नव्हता, पण ते महत्त्वाचं नाही. महिनाअखेर ‘करडी घोडी’चं प्रदर्शन आहे. ते नीट पार पडलं की नवा विभाग आणि मी विभागप्रमुख.

‘करडी घोडी’ म्हणजे आमच्या संग्रहालयाचं नाक. घोडी आणि तिची धार काढणारी बाई. चित्रकार तोक्तोसुननं काढलं, सरकारनं विकत घेतलं, आमच्या भिंतीवर टांगलं. आणि अख्खं बिश्केक ते फुकट छापतंय. कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, बाटलीवर घोडी, चहाच्या पुड्यावर घोडी, वाढदिवसाच्या केकवर घोडी. चोर सगळे!

संध्याकाळी: तोच चहा आमच्याच घरात सापडला. सादातला जाब विचारला. ती म्हणाली, चहा चांगला आहे, घोडी आवडत नसेल तर तिच्याकडे बघू नका. बायकोसुद्धा शत्रुपक्षात. पुडा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

(माझ्या फोनवर घोडी आहे. ते ऑफिसचं काम.)

६ सप्टेंबर
बाजारात कुमिसवाल्या केंजेबेकला गाठलं. एक वाडगा पुरावा म्हणून प्यायलो. पुरावा कमी वाटला म्हणून आणखी एक. मग लायसन्स मागितलं. तो म्हणाला, लायसन्स कशाला भाऊ, तोक्तोसुनच्या बायकोनं, कुलिपा आपानं, दोन्ही तळवे पसरून आशीर्वाद दिलाय, तोंडावरून हात फिरवलाय, आणखी काय पाहिजे? मी ठणकावलं, ओंजळीत लायसन्स मावत नाही. तर म्हणतो, मग तुमच्या खिशात मावतं काय? उद्धट मेला. नोटीस दिली. त्यानं तिच्यावर ओली बाटली ठेवली.

९ सप्टेंबर, रविवार
मेहुण्याकडे जेवण. मेंढीच्या मुंडक्यातला मानाचा डोळा बँकेतल्या कुठल्याशा साहेबाला. कान नेहमीप्रमाणे पोरांना. कान खाल्ला की पोरं मोठ्यांचं ऐकायला शिकतात म्हणे. ती पोरं जन्मात कुणाचं ऐकणार नाहीत. मला बरगडी, तीही दाराजवळ बसवून. विभागप्रमुख होऊ दे, मग डोळा मला. मेहुण्याला तेव्हा बघून घेईन.

१३ सप्टेंबर
आज मोठा विजय. एक म्हातारी ‘करडी घोडी’समोर नातीला उभी करून फोटो काढत होती. फोटोला मनाई आहे. सगळ्यांदेखत पुसायला लावला. ती म्हणाली, बाळा, ही धार काढणारी बाई मीच आहे रे. कुलिपा आपा! मी म्हटलं, असाल, पण चित्र आमचं. घोडी विकल्यावर दुधावर हक्क सांगायचा नसतो. काय वाक्य सुचलं! पहारेकरीणसुद्धा कान देऊन ऐकत होती. म्हातारीनं नातीचा हात धरला. जाता जाता विचारलं, तुझी आई आहे का रे? मी म्हटलं, नाही. म्हणाली, तरीच.

काय तरीच? उगाच डोक्यात बसलंय.

१८ सप्टेंबर
नोटिसांचा परिणाम दिसू लागला. केकवालीनं घोडी काढून गाढव काढलं. गाढवाला चष्मा आहे, साधारण माझ्यासारखा. योगायोग. गाढवावर आपला हक्क नाही, म्हणून सोडून दिलं.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
आमची नवी वकीलीण म्हणजे कालची पोर. प्रदर्शनाच्या पोस्टरवर छापलेली घोडी बघून विचारते, वारसाची परवानगी कुठंय? मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, संग्रहालयानं फक्त कॅनव्हास विकत घेतलाय. छापायचा हक्क चित्रकाराचा, तो गेल्यावर त्याच्या बायकोचा. कुमिसवाल्याकडे निदान तिची तोंडी परवानगी आहे, आपल्याकडे तीही नाही. गुलझात असानोव्ना माझ्याकडे बघून म्हणाल्या, म्हणजे जेकशेन, घोडी आपली आणि दूध तिचं. पहारेकरणीनं चुगली केली तर! आपाची संमती आणा, नाहीतर पोस्टर खाली आणि तुम्ही गोदामात.

गोदामात खिडकी नाही. कायदाच चुकीचा आहे.

२४ सप्टेंबर
आपाच्या घरी गेलो. दार उघडलं नाही. नात आतून ओरडली, आजी म्हणते, इथं बघायला मनाई आहे! संस्कार नाहीत.

२६ सप्टेंबर
नाइलाजानं केंजेबेककडे. मध्यस्थी कर म्हटलं. तो म्हणाला, आधी नोटीस परत न्या. नेली. अजून ओली होती, की पुन्हा भिजवली कोण जाणे. सगळ्या बाजारासमोर मोठ्यानं ‘चुकलो’ म्हणायला लावलं. मी ‘चुकलं’ म्हणालो, कोणाचं ते सांगितलं नाही. कुमिस विचारलासुद्धा नाही मेल्यानं.

पण आपानं शुक्रवारी जेवायला बोलावलंय. मला आणि गुलझात असानोव्नांना. शेवटी पदाचा मान असतोच. मुंडकं शिजणार आहे. डोळा मला मिळेल.

२८ सप्टेंबर, शुक्रवार
उद्या प्रदर्शन. पोस्टर राहणार.

आपाच्या दिरानं मुंडकं फोडलं, वाटणी आपानं सांगितली. एक डोळा गुलझात असानोव्नांना. दुसरा केंजेबेकला. मी ताट पुढे सरकवलं. आपानं एक कान कापून नातीच्या ताटात टाकला. दुसरा कान हातात धरून जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ताटात ठेवला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नात रडायला लागली, दोन्ही कान तिचेच असतात म्हणून. आपा तिला म्हणाली, असू दे गं, त्याला जास्त गरज आहे.

मग आपानं प्रदर्शनासाठी तळवे पसरले. सगळ्यांनी पसरले, मीही पसरले. तिनं सहीही दिली. येताना मला विचारलं, पोट भरलं का रे बाळा? मला हो म्हणता आलं नाही, तोंड भरलेलं होतं. कान फार वेळ चावावा लागतो.