मिसेस हॅलिवेलनी टॉफी सोडली

स्टॅनबेक, ९ सप्टेंबर

ती. हेस्टर आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू ‘बरी आहेस ना? मग ठेवते’ म्हणतेस आणि खरंच ठेवतेस, म्हणून हे पत्र.

गावच्या दवाखान्यात रुजू झाले. स्वागत थाटात झालं. रिसेप्शनवरच्या ब्रेंडाने मला माझी खोली दाखवली आणि तिथला हीटर चालत नाही, हेही प्रेमाने सांगितलं. दारावर पाटी आहे, ‘फिजिशियन असोसिएट’. येणाऱ्या प्रत्येकाला मी समजावते की मी डॉक्टर नाही. दोन वर्षांचं शिक्षण घेऊन आलेय, तपासते, काय झालं असेल ते सांगते, पण औषधाच्या चिठ्ठीवर सही डॉक्टरांचीच लागते. लोक शहाण्यासारखी मान डोलावतात आणि जाताना ‘थँक्यू, डॉक्टर’ म्हणतात.

माझ्यावर देखरेख तुझे जुने विद्यार्थी, डॉ. क्रिस्पिन टॅरंट ठेवतात. म्हणजे, ठेवतात असा सगळ्यांचा समज आहे. पहिल्याच दिवशी म्हणाले, माझं दार तुझ्यासाठी कायम उघडं. दार खरंच उघडं असतं. आत माणूस नसतो. असला तर फोनवर असतो, आणि भुवया उंचावून असा बघतो, की दवाखान्याला आग लागल्याचं सांगायला गेले असते तरी ‘काही नाही, सर’ म्हणून परत फिरले असते. मी लिहिलेल्या औषधांवर ते काही न विचारता सही करतात. इतका विश्वास माझ्यावर आईनेसुद्धा कधी टाकला नाही.

हॉस्पिटलात होते तेव्हा रोज कोणीतरी माझी चूक काढायचं आणि मी रडायची. इथे कोणीच काढत नाही. आत्या, खरं सांगू? त्याचीच जास्त भीती वाटते.

तुझ्या मांजराला आणि तुझ्या गुडघ्याला सांभाळ. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
रोवीना

*

व्हिटबी, १४ सप्टेंबर

चि. क्रिस्पिन यास,
अनेक आशीर्वाद.

माझी भाची तुझ्या हाताखाली आहे, हे तुला ठाऊक असेलच. नसल्यास, रिसेप्शनशेजारच्या खोलीत जी कुडकुडत बसते, ती.

तू एवढा मोठा आणि एवढा कामात असलेला डॉक्टर झालास याचा मला अभिमान आहे. माझ्याकडे शिकायला आलास तेव्हा तू मोठाही नव्हतास आणि कामातही नव्हतास, कारण तुझं निम्मं काम मी निस्तरत होते. एका मुलाला गोवर झाला म्हणून तू सबंध शाळा बंद करवायला निघाला होतास. तो गोवर मी ओल्या फडक्याने पुसून काढला. स्ट्रॉबेरीचा जॅम होता. मला ते कसं कळलं, तर रोज जेवताना मी तुझे सगळे पेशंट ऐकून घ्यायची म्हणून.

तेव्हा आता तूही जेवत जा, आणि तिला समोर बसवून जेव. अवघड पेशंटबद्दल ती विचारेलच. जे सोपे वाटून तिने घरी पाठवले, त्यांच्याबद्दल तू विचार. न वाचता केलेली सही म्हणजे विश्वास नव्हे, आळस. विश्वास ठेवायचा तर आधी माणूस ओळखावा लागतो.

तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. तिच्याबद्दल माझं मत चांगलं आहे.

तुझी हितचिंतक,
हेस्टर

*

स्टॅनबेक, २६ सप्टेंबर

आदरणीय डॉक्टरबाईंस,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं प्रेमळ पत्र मिळालं. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही, पण तिसऱ्या दिवसापासून रोवीनाला समोर बसवून जेवू लागलो. खरं तर आपलं दुसरं पत्र येऊ नये एवढाच हेतू होता.

परवा ती आधीच्या आठवड्यातल्या पेशंटबद्दल सांगत होती. त्यात मिसेस हॅलिवेल, वय चौऱ्याहत्तर, चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवतात. मान आणि डोकं दुखतं म्हणून आल्या होत्या. दोर ओढून दुखत असेल, असं रोवीनाने ठरवलं. शेक आणि साध्या गोळ्या सांगितल्या. पुढचं ती गंमत म्हणून सांगत होती. बाई फार बोलतात. जन्मभराची टॉफी सोडली म्हणे, दोनदा चावलं की जबडा दमतो. आणि कपाळाच्या बाजूला कंगवासुद्धा लावून घेत नाहीत.

मी सँडविच खाली ठेवलं. माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं, आणि मग तिनेच आजाराचं नाव घेतलं. कानशिलाजवळची रक्तवाहिनी सुजते, डोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि दृष्टी जाते. औषध त्याच दिवशी पोटात जावं लागतं. तिला ते सगळं पाठ होतं. पण पेशंट पुस्तकासारखा बोलत नाही. तो टॉफीबद्दल बोलतो. हे शिकवणं माझं काम होतं आणि मी ते उशिरा सुरू केलं.

बाई फोन उचलेनात. ब्रेंडा म्हणाली, चर्चमध्ये सराव असेल. आम्ही धावलो. घंटा वाजत होत्या, तेवढंच समाधान. मनोऱ्याच्या जिन्यात मला दम लागला आणि रोवीनाने हात दिला. यावर आपण काही लिहू नये ही विनंती. बाईंनी फेरी पूर्ण होईपर्यंत दोर सोडला नाही. मग म्हणाल्या, सकाळपासून डाव्या डोळ्यावर करडा पडदा आलाय, चष्मा पुसून झाला. बरोबर नेलेल्या त्या औषधाच्या गोळ्या तिथेच दिल्या आणि गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं.

उजवा डोळा वाचला. डाव्याने आता नुसता उजेड कळतो.

रोवीना नोकरी सोडते म्हणतेय. मी नको म्हटलं, पण माझ्या शब्दाला किती वजन असणार? आपण लिहावं.

आपल्या रागासकट आपल्या मायेचा भुकेला,
क्रिस्पिन

*

स्टॅनबेक, ११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात सांत्वनाचा एक शब्द नव्हता, म्हणून बरं वाटलं. राजीनामा द्यायचाच असेल तर आधी त्या बाईंना तोंड दाखव, असं लिहिलंस. गेले.

मिसेस हॅलिवेलनी चहा दिला. औषधाने त्यांना राक्षसी भूक लागते. अख्खा केक माझ्यादेखत संपवला आणि मला एक तुकडा दिला, तोही मापून. मी वाटेत जुळवलेली माफी मागितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी टॉफीचं सांगत होते तेव्हा तू घड्याळाकडे बघितलंस. म्हणून मी आवरतं घेतलं. अजून एक सांगायचं राहिलं होतं.”

काय, म्हणून विचारलं.

“आदल्या दिवशी डोळ्यापुढे क्षणभर अंधार आला होता. म्हटलं, पोरगी घाईत आहे, उगाच कशाला.”

आत्या, त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी उठून माझ्या कपात आणखी चहा ओतला. डावीकडून अंदाज चुकला आणि बशीत सांडला. मी बशीतला चहा पिऊन टाकला.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी जेवताना टॅरंट सरांना सांगितलं. त्यांनी आपला ब्रेड माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “बरं. आज सकाळी घरी कोणाकोणाला पाठवलंस?”

राजीनामा दिलेला नाही. माझे पेशंट रोज लांबतात. ब्रेंडा माझ्याशी बोलत नाही, आणि बाहेर खोळंबलेले लोक मला आता डॉक्टर सोडून बाकी सगळं म्हणतात. जेवायला पोचते तोवर सरांचं सूप गार झालेलं असतं. ते तसंच समोर ठेवून थांबलेले असतात.

ओरडत राहा, पण लिहीत राहा.

तुझीच,
रोवीना