नुसते मोठेच मासे

३ मार्च

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बसच्या ड्रायव्हरबरोबर बर्फात घालून मासा पाठवलाय, आपल्या पुलाखालचा. लहानपणी डोक्यासाठी तू घर डोक्यावर घ्यायचीस, म्हणून डोकं मुद्दाम ठेवलंय.

रिटायर झाल्यापासून माझा हात असा बसलाय की विचारू नकोस. गेली काही वर्षं बारीक मासा गळाला लागतच नाही, नुसते मोठे! शेजारी जळून खाक होतात. नातीच्या ताटात रविवारी मासा नसला तर ती फुगून बसते. तू, तिची आत्याआजी, नदीचं पाणी तपासतेस म्हटल्यावर विचारत होती, पाण्याला ताप येतो का?

लोभ आहे तसाच राहू दे, पातळ करू नकोस.

तुझा दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मासा पोचला. रागावू नकोस, मी तो खाल्ला नाही, प्रयोगशाळेत नेला. तुझी बढाई वाचून मला भलतीच शंका आली. बारीक मासे लागत नाहीत, म्हणजे नदीत पिल्लंच उरली नसतील तर?

बाबा गादी-कारखान्यातून फोमचे तुकडे आणायचे, आठवतं? जेवणं झाली की काडी ओढून लावायचे. तुकडा काळा पडायचा पण पेटायचा नाही, आणि आपण टाळ्या पिटायचो. आपले बाबा जादूगार आहेत असं मी वर्गात सांगत सुटले होते. किती सुखाच्या होत्या रे त्या संध्याकाळी! फोम पेटू नये म्हणून त्यात जे रसायन घालत, तेच तुझ्या माशाच्या चरबीत सापडलंय. पिंपं धुतलेलं पाणी तेव्हा सरळ नदीत जायचं. कारखाना बंद पडून जमाना झाला, ते मात्र गाळात ठाण मांडून आहे. गाळातल्या किड्यांतून ते माशात जातं आणि वर्षानुवर्षं साठत राहतं. मोठा मासा त्याने लगेच मरत नाही, पण पिल्लांची वाढ बिघडते, ती जगत नाहीत.

एका माशावरून मी ठाम बोलणार नाही. आमची माणसं पुढच्या महिन्यात येऊन गाळ आणि मासे तपासतील, नदीचं काय करायचं ते मग ठरेल. तोवर नातीच्या ताटात तो मासा नको. तुझ्या किती जिवावर येईल, मला ठाऊक आहे.

वहिनीला नमस्कार. एवढ्यावरून माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझी छोटी

२ एप्रिल

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. ज्या कारखान्यावर आपण लहानाचे मोठे झालो, त्याचेच वाभाडे काढतेस म्हणून. मग बाबा काडी ओढताना डोळ्यांपुढे आले. त्यांना तरी कुठे माहीत होतं?

काल नातीला घेऊन पुलाखाली गेलो. गळ टाकल्याशिवाय राहवलं नाही. मोठी मादी लागली, पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. नातीने लगेच पिशवी पुढे केली. मी गळ सोडवून मासा पाण्यात सोडला, तर तिचं तोंड एवढंसं झालं. तिची समजूत काढायला म्हणालो, अगं, तिला आता पिल्लं होणार आहेत. झालं! रुसवा गेला आणि बाई काठावर मांडी घालून बसल्या. घरी यायला तयारच होईना. पिल्लं कधी दिसतील म्हणून सारखी विचारत होती. मी म्हणालो, दिसतील, थोडी मोठी हो.

त्या पोरीशी मी आजवर कधी खोटं बोललो नव्हतो. छोटे, तुझी माणसं लवकर पाठव.

लोभ आहेच, तो काय सांगायचा.

तुझा दादा