रिकामं घर, लगेच ताबा

दादा,

मी कामावर चाललेय. वराळ्याच्या घराची चावी फ्रीजवर ठेवलीय. पाच वाजता एजंट गिऱ्हाईक घेऊन तिकडं येणार आहे. रंग दिलेलं, सामान हलवलेलं घर दाखवलं की भाव चढतो, असं त्याचं म्हणणं.

काल रंगाऱ्यानं आईच्या खोलीत पुट्टी घासली आणि पांढरी भुकटी फरशीवर तशीच टाकून गेला. कुलूप मीच लावलं होतं. आज सकाळी उघडलं, तर भुकटीवर पावलं. उजवं नीट उठलेलं, डावं फरपटत नेलेलं. लकवा मारल्यावर आई चालायची, अगदी तसं. पलंगाच्या जागेपासून खिडकीपर्यंत गेलीत. दाराकडं एकही नाही.

आई गेली त्या रात्री आपण दिव्यापाशी पीठ पसरलं होतं. सकाळी काहीच उठलेलं नव्हतं, तेव्हा तूच म्हणालास, "सुटली बिचारी."

तू चारलाच जा. मी झाडू मारलेला नाही, तूही मारू नकोस. आधी बघ.

आणि एजंटनं जाहिरातीत "घर रिकामं आहे" लिहिलंय. तेवढं काढायला सांग.

कोमल